कागदावरचं ‘नाही’

इंजेक्शनच्या कुपीचं मोडलेलं टोक, काचेचं, तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठं, तिच्या ॲप्रनच्या खिशात हाताला लागलं. ते खिशात कधी गेलं, आठवेना. बोट कापलं होतं आणि रक्त सुकलंही होतं, म्हणजे अर्धा तास तरी झाला असणार. अर्ध्या तासापूर्वी सात नंबरच्या खाटेवरचे काका मरत होते…

काका घड्याळं दुरुस्त करायचे. संधिवातानं बोटं वाकडी झाली तसं दुकान बंद झालं होतं. काल त्यांचा गुडघा तापून फुगला, अंगात ताप चढला, म्हणून आज सकाळी ते दाखल झाले. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पेनिसिलीन तिनंच शिरेतून दिलं आणि ती वळते न वळते तोच ते म्हणाले, “सिस्टर, तळहात खाजतायत.” अगदी शांतपणे, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. मग ओठ सुजले, छातीतून शिट्टी वाजू लागली, नाडी बोटाखालून निसटली. तिच्या हातांनी सगळं केलं – पाय वर, मांडीत ॲड्रिनलिन, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डॉक्टरांना हाक – हात तिचेच होते, पण ती तिथे नव्हती. ती अजूनही कुठेतरी वाटेतच होती.

आता काकांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. औषधं आणायला गेलेल्या काकू परतल्या, त्यांना कोणीतरी झालेलं सांगितलं, आणि त्या खाटेचा दांडा धरून उभ्याच राहिल्या.

“अहो, पण यांना पेनिसिलीन चालत नाही,” त्या म्हणाल्या. “लग्नाच्या आधीपासून. बोलले नाहीत का हे?”

वॉर्डच्या इन्चार्जबाईंनी फाईल उघडून बघितली. ॲलर्जीच्या रकान्यात ‘नाही’. अक्षर तिचं, वळणदार. इन्चार्जबाई तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, की पेशंटच सांगत नाही तिथे आपण काय करणार, आणि खालच्या आवाजात पुढे, “तुझी काही चूक नाही. उलट तू होतीस म्हणून वाचले.” तिला हायसं वाटलं. अगदी पोटातून. बरोबर आहे, विचारल्याशिवाय का कोणी लिहितं? मी विचारलं होतं. मी नेहमी विचारते. काय विचारलं होतं मी?

सकाळची गडबड, दोन पेशंट दारात थांबलेले, ती वाकून काकांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होती, नजर पट्ट्यावर, आणि तोंडानं चाललं होतं – शुगर आहे का, बीपी आहे का, कशाची ॲलर्जी नाही ना?

“हो,” काका म्हणाले होते.

हो, नाही. की… हो, आहे? तिनं ‘नाही’ लिहिलं. त्या ‘हो’च्या पुढे आणखी काहीतरी होतं, ओठ उघडलेले होते त्यांचे, आता तिला स्वच्छ दिसत होते, आणि त्या उघडलेल्या ओठांत तिनं थर्मामीटर ठेवला होता.

तिनं भिंतीला पाठ टेकली. अठरा वर्षं. अठरा वर्षं ती हेच विचारत आली होती, उत्तर आधी स्वतःच हातात घेऊन, समोरच्यानं फक्त मान हलवायची. किती जणांनी हलवली असेल… आणि घरी तरी काय वेगळं? धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा दर रविवारी फोनवर, त्रास नाही ना गं काही? आणि पलीकडून, हो. वर्षभर ‘हो’. मग एका दुपारी बहीण बॅग घेऊन दारात उभी, आणि ही तिच्यावरच चिडली होती, की मी विचारत होते तेव्हा बोलली का नाहीस.

काकूंनी हाक मारली. काकांना काही सांगायचं होतं. ती जवळ गेली. मास्क एका बाजूला सरकवून, अजून जड असलेल्या जिभेनं ते म्हणाले, “सिस्टर, तुम्ही विचारलं होतंत. माझंच सांगायचं राहिलं असणार.”

“तरी मी म्हणते, तोंड उघडायला पैसे पडतात का यांना,” काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

काका हसले, खोडी पकडली गेल्यासारखे. मग कपाळाला आठी घालून, काहीतरी आठवत, ते म्हणू लागले, “पण मला वाटतं, सकाळी मी–”

“बोलू नका काका,” ती म्हणाली आणि मास्क पुन्हा त्यांच्या तोंडावर नीट बसवला. “आराम करा.”

काकूंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. तो स्पर्श गरम होता, खरा होता. ती लाज वाटण्याची वाट बघत उभी राहिली. सांगावं, आत्ता, एक वाक्य तर आहे… किंवा ते झोपले की इन्चार्जबाईंना… किंवा… पण छातीतली धडधड थांबली होती. किती सहज थांबली! आतल्या त्या स्वस्थपणाकडे ती बघत राहिली, आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, कोणी अनोळखी बाई निवांत बसलेली दिसावी तशी.