पंचावन्न अंशांपर्यंत

"अगं, पंचावन्नच्या पुढे कुठे चाललीस?" मी विचारलं.

 राइलीने प्रयोगशाळेतल्या तापवायच्या कपाटाचा आकडा साठवर नेला, मग पासष्टवर. आत ते बटण होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी ते गळ्यात घालायचं आणि पडल्यावर दाबायचं. दाबलं की स्वयंपाकघरातल्या डब्याला बिनतारी संदेश पोहोचतो आणि डबा मदतकेंद्राला फोन लावतो. सप्टेंबरातच आम्ही त्याची तपासणी उरकली होती आणि युरोपच्या नियमांत ते चोख बसलं होतं. अहवालावर मोजणारी म्हणून राइलीची सही होती, पडताळणारा म्हणून माझी.

"तार्मो, आउनेला मिळालंय हे," ती म्हणाली.

आउने तिची थोरली बहीण, एक्क्याऐंशी वर्षांची. ओउलूपासून शंभर किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला एकटी राहायची. नगरपालिकेने तिकडच्या सगळ्या एकट्या म्हाताऱ्यांना बटणं वाटली होती.

"काल ती मला फोनवर सांगते कशी, पोरी, सौनातसुद्धा मी हे काढत नाही. मदतीला येणारी बाई बजावून गेलीय, कधीच काढायचं नाही म्हणून."

सौना, म्हणजे घाम काढायची लाकडी खोली, ऐंशी अंशांवर तापतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शनिवारचा सौना चुकवणारा म्हातारा मी तरी अजून पाहिलेला नाही. पण आमच्या धंद्याची एक रीत आहे. यंत्र किती उष्णतेत चालेल ते बनवणारा लिहून देतो आणि आम्ही तेवढ्यातच मोजतो. तो पंचावन्न म्हणाला, आम्ही पंचावन्न मोजलं. कुठे वापरणार, कोण वापरणार, असल्या चांभारचौकशा आम्ही करत नाही. एकतीस वर्षांत मी एकदाही केली नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

अडुसष्टला पडद्यावरची बटणाच्या संदेशाची रेघ जागेवरून सरकू लागली. बहात्तरला ती पार बाहेर गेली. राइलीने बाहेरच्या कळीने बटण दाबलं. समोरचा डबा ठार बहिरा. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. शेवटी मीच कपाट बंद केलं.

तिने तिथूनच बटण बनवणाऱ्या कंपनीतल्या यार्कोला फोन लावला.

"पंचावन्नला पास आहे ना?" यार्को म्हणाला.

"आहे."

"मग झालं तर! माहितीपत्रकात पान चौदावर लिहिलंय, यापेक्षा जास्त तापवू नये."

"तुझी आई पान चौदा वाचते?"

"माझी आई सौनात पडत नाही," तो हसला. मग जरा नरमला. "बघतो मी. पुढच्या मॉडेलमध्ये बघतो."

राइलीने सरकारी खात्याला पत्र लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "दोघांच्या सह्या हव्यात. एकटीचं कोण ऐकतंय?"

गिऱ्हाइकाने न सांगितलेलं माप आम्ही परस्पर घेतलं होतं. नोकरीवर बेतलं असतं. "आज गुरुवार. सोमवारी बघू," मी म्हणालो. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला लाज वाटली, पण पेन काही मी उचललं नाही.

मग तिने बहिणीला फोन केला. आउनेचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"सौनात नाही न्यायचं? मग पडायचं कुठे मी, बैठकीच्या खोलीत?"

"आउने, चेष्टा नको. तापलं की मुकं होतं ते. बाहेर काढून ठेव."

"अगं, पण ती बाई म्हणाली..."

"बाईला काय कळतंय? मी मोजलंय!"

"बरं बाई. तू शिकलेली."

शनिवारी आउने सौनात पडली. मांडीचं हाड मोडलं होतं. ती दाराच्या दिशेने हातभर सरकली होती, असं रविवारी तिला पाहणारा शेजारी म्हणाला. बटण बाहेरच्या खोलीत, तिच्या घडी केलेल्या कपड्यांवर होतं.

सोमवारी मी पत्रावर सही केली. कुणी मागितली नव्हती.

दफन झाल्यावर राइली मला म्हणाली, "माझ्याबरोबर चल. एक माप राहिलंय." तिला नाही म्हणायचा हक्क मी गमावला होता. आउनेच्या घरी तिने सौना पेटवला. भिंतीवरचा काटा ऐंशीला टेकल्यावर तिने बटण गळ्यात घातलं, वरच्या फळीवर जाऊन बसली आणि पंधरा मिनिटांनी दाबलं. स्वयंपाकघरातला डबा गप्प राहिला.

मग ती खाली उतरली आणि फरशीवर, आउने सापडली होती तिथे आडवी झाली. उष्णता मोजायची सळई शेजारी ठेवली. मी अर्धवट उघड्या दारात घड्याळ धरून उभा होतो.

"किती?" मी विचारलं.

"चौतीस," ती म्हणाली.

आमच्या दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही बसलेल्या माणसाची उष्णता धरली होती. पडलेला माणूस खाली असतो, आणि खाली गार असतं.

अकरा मिनिटं मी घड्याळ पाहत राहिलो, बटण गार होत गेलं. मग तिने पुन्हा बटण दाबलं. स्वयंपाकघरात डबा लगेच वाजला आणि एका तरुण मुलीचा आवाज घरभर घुमला.

"आउने? काय झालं? पडलात का? घाबरू नका हं, मी आहे इथे."

राइली उठली नाही. छताकडे पाहत पडून राहिली. मुलीने पुन्हा हाक मारली, तेव्हा राइली स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "व्यवस्थित ऐकू येतंय, पोरी. ठेव तू."

आणि मला म्हणाली, "लिहून घे, तार्मो. अकरा मिनिटं."