अर्ध्यावर थांबलेली शाल

मित्रांनो, मी एक शाल आहे. पण बरेच दिवस मी अर्धीच होते. माझी सुरुवात झाली सोलापूरच्या भर उन्हाळ्यात! घरात बाळ यायचं होतं, म्हणून महेश्वरीने हळदी रंगाची लोकर आणली. सासूबाई, पार्वतम्मा, हसू लागल्या.

"अगं, सोलापुरात राहून विणत बसलीस व्हय? पायलीला पन्नास चादरी मिळत्यात की हितं!"

"मिळू देत, आत्या. ही माझ्या हातची."

पंख्याखाली पाय पसरून, गुणगुणत ती विणायची. टाके कसे सैल, मऊ पडायचे.

मग शिवू दिवस भरायच्या आधीच आला. घरात धावपळ उडाली आणि सुयांसकट माझी रवानगी कपाटावर झाली. पिशवीत बसून मी त्याचं रडणं ऐकायची. कसा असेल तो? केवढा असेल? मला भारी कुतूहल!

थंडी पडली तेव्हा कुठे पिशवी उघडली. जिथे थांबली होती तिथूनच महेश्वरीने पुढे विणायला घेतलं. वीतभर झाले आणि पाहते तर काय, मी आवळत चालले होते. टाके तेवढेच, सुया त्याच, लोकर तीच. मग हे गौडबंगाल काय?

"शाल विणतीस का विजार?" पार्वतम्मा म्हणाल्या. "उसव की सगळी. पहिल्यापासनं धर, म्हणजे एकसारखी व्हईल."

माझ्या काळजाचं पाणी झालं. शिवूला न पाहताच पुन्हा लोकरीचा गुंडा व्हायचं?

महेश्वरीने सुई काढून धागा ओढला. घट्ट ओळी सरसर निघाल्या. जुन्या विणीपाशी मात्र तिची बोटं अडली.

"हे नको, आत्या. हे विणलं तेव्हा मला कसली भीतीच नव्हती."

"आन् आता?"

"आता दर टाक्याला मान वर करून बघते, शिवूचा श्वास चाललाय ना."

"अन् बघताना धागा ओढतीस!" पार्वतम्मांनी कपाळावर हात मारला. "मग नको बघू की."

"ते काही जमायचं नाही." महेश्वरीला हसू आलं. "त्यापेक्षा सुया बदलते."

तिने जाड सुया आणल्या. पाळण्याकडे बघणं सुटलं नाही, धागा ओढणंही नाही. पण जाड सुईवर तोच टाका आता ऐसपैस बसू लागला. नवी वीण जुन्या विणीला बरोबर मिळाली.

मी पुरी झाले त्या दिवशी शिवू मला दिसला. काय सांगू! एवढुसं नाक, आणि पहिलं काम काय केलं, तर माझा कोपरा तोंडात घातला. मग झोपला. महेश्वरीने माझ्यावर तळहात ठेवला. खाली त्याची छाती संथ वरखाली होत होती. किती तरी वेळाने तिने डोळे मिटले.

म्हणून सांगते, मित्रांनो, थांबलेलं काम पुन्हा हाती घ्याल तेव्हा हात पहिल्यासारखा चालेलच असं नाही. तेवढ्यासाठी जुनं उसवू नका. सुई बदलून पाहा.