वीतभर अलीकडे

वरची फळी

चर्चमधल्या परांचीचे दोर सुटू लागले होते. गवंडी बोर्तोलो खुशीत होता.

"उस्ताद, छताच्या मधला तुमचा तो खिळा भारी कामाचा. पंधरवडाभर माझी जेवणाची, पोलेंटाची झोळी त्यालाच टांगलेली."

चित्रकार ओत्तावियोचा हात थांबला. "आणि माझी दोरी?"

"तिला शेजारी दुसरा ठोकून दिला की! वीतभर अलीकडे. आम्हालाही डोकं आहे म्हटलं."

वीतभर.

छत सपाट. त्यावर रंगवलेला घुमट, सोळा खांबांचा. प्रत्येक खांबाची रेघ त्या एका खिळ्याला बांधलेल्या दोरीने आखायची. सगळे खांब तिथे झुकले, तरच खालून घुमट उभा दिसतो. आठ खांब एका खिळ्याकडे झुकलेले, आठ दुसऱ्याकडे. आणि चुना कधीच वाळलेला. आता पुसणं नाही, फोडणंच.

मागच्या गावी त्याचे चारच खांब चुकले होते. त्यानंतर तीन वर्षं कुणी त्याला कोंबड्यांच्या खुराड्याची भिंतसुद्धा दिली नव्हती.

मधली फळी

थांबा, म्हणायचं होतं. तो एक फळी खाली उतरला.

खाली पाद्री फाउस्तीनो आधीच फरशीतल्या पांढऱ्या दगडावर येऊन उभे. घुमट बघायची जागा तीच. मागे सगळं गाव.

"अहो उस्ताद, उतरा की! का देवदूतांसोबतच जेवणार?" बाबा ओरडले.

गाव हसलं. ओत्तावियो जमिनीवर उतरला.

जमीन

शेवटची फळी निघाली. त्याने वर पाहिलं नाही. पाद्रीबाबांचा चेहरा तेवढा पाहिला.

चेहरा पांढराफटक पडला. बाबा दोन पावलं मागे धडपडले. "अगं आई! घुमट पडतोय!"

बायका मटकन गुडघ्यांवर बसल्या. कुणीतरी मोठ्याने आपलं पाप कबूल करू लागलं. मग दुसरं कुणीतरी.

संपलं, ओत्तावियोला वाटलं.

बाबांनी घाम पुसला. गुडघ्यांवरच्या गावाकडे पाहिलं, बराच वेळ. मग ओत्तावियोच्या कानाशी आले.

"वीस वर्षं घसा फोडतोय मी. एकही गुडघा असा टेकला नाही. वर कशालाही हात लावायचा नाही. या दगडावर, मधोमध, तुमचं नाव कोरा. आत्ता, माझ्यासमोर."

"उस्ताद, माझी झोळी पावली!" बोर्तोलोने छिन्नी पुढे केली.

ओत्तावियोने दगडावर पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

सपाट आहे, सपाट आहे, तो पुटपुटला. आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसला.