अर्ध्या खोलीची पाटी

विद्यापीठाची पाटी धाकटीच्या दाराला लागली, त्या दिवसापासून थोरलीच्या अंगाचा तिळपापड होत होता. दोघी जावा, घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे बाहेर पाऊल टाकलं की पाटी डोळ्यांत खुपायचीच. उद्घाटन व्हायचं होतं म्हणून तिच्यावर कापड होतं, पण कापडाखालचं थोरलीला पाठ होतं. ताऱ्यांचा अभ्यास करून जगभर नाव काढलेले कोणी थोर गृहस्थ विद्यार्थी असताना या घरात राहत होते. या घरात म्हणे! मग त्याला तीन वर्षं रांधून घातलं ते काय शेजारच्या मांजरानं?

गल्लीला विद्यापीठानं मोठं केलं, असं विद्यापीठ सांगत फिरतं. खरी गोष्ट उलटी आहे. विद्यापीठ म्हणजे सुरुवातीला धान्याच्या जुन्या वखारीवरच्या दोन खोल्या होत्या, आणि प्राध्यापक याच गल्लीत भाड्यानं राहायचे. गल्लीनं त्यांचे पदवीदानाचे झगे शिवले, त्यांची पुस्तकं बांधून दिली, त्यांच्या विद्यार्थ्यांना माडीवरच्या खोल्या दिल्या. मग विद्यापीठ अंगानं भरलं आणि ग्रंथालयासाठी गल्लीची मागची बाजूच गिळून बसलं. शिंपी गेले, बांधणीवाले गेले. आणि आता, वर्धापनाच्या वर्षात, त्याला एकाएकी गल्लीचा उमाळा आला होता. घराघरावर इतिहासाच्या पाट्या लागत होत्या.

माहिती गोळा करायला इतिहास विभागातली बाई आली, तेव्हा थोरली नेमकी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेली. धाकटीनं बाईला चहा दिला आणि चहाबरोबर इतिहासही दिला. धाकटी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, त्यामुळे दोघींचं चांगलंच जमलं.

थोरली गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती थेट विभागात गेली. बाईनं घराचा जुना नकाशा टेबलावर पसरला. पुढे भावाभावांची वाटणी झाली तेव्हा भिंत बरोबर त्याच्या माडीवरच्या खोलीच्या मधोमध गेली होती.

"खोली दोघींकडे अर्धी अर्धी आहे, आजी," बाई म्हणाली. "पण खिडकी आणि टेबल त्यांच्या बाजूला येतं."

"आणि पलंग माझ्या बाजूला. तो काय टेबलावर झोपायचा?"

"मग तुमच्या दाराला 'येथे झोपत असत' अशी पाटी लावू का?"

बाई हसली. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"उद्घाटनाला तो स्वतः येतोय ना? त्यालाच विचारू. माझ्या घरात राहिलो असं तो म्हणाला, तर?"

"तर पाटी हलवू. त्यांचा शब्द शेवटचा."

पाटी हे आपलं निमित्त. थोरलीचं दुखणं जुनं होतं. धाकटी लग्न होऊन आली ती शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात नापास होऊन. माडीवर हा विद्यार्थी होताच. लांब मान आणि एका पायावर उभं राहून वाचायची सवय, म्हणून घरात त्याला बगळा म्हणायचे. धाकट्या दिरानं त्याला गळ घातली आणि संध्याकाळची शिकवणी सुरू झाली. धाकटी पास झाली, विद्यापीठात गेली, पदवीचा झगा घालून घरी आली. तो झगा पाहून थोरलीनं तोंडभर कौतुक केलं आणि मोरीत जाऊन रडून घेतलं. तिला शिकायला कुणी नाही म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. शिकवणीच्या वेळी ती भाजी निवडायला जिन्यात बसायची, तिथे उजेड चांगला येतो म्हणून. त्या जिन्यात उजेड कधीच नव्हता.

उद्घाटनाच्या दिवशी थोरली पहाटेपासून ओट्याशी होती. बगळ्यानं आधीच कळवलं होतं, जेवण वहिनींच्या हातचंच हवं. तिनं ते इतिहास विभागाला दोनदा ऐकवलं होतं आणि धाकटीला चार वेळा.

गाडीतून उतरला तेव्हा त्याची मान तशीच होती, हातात काठी आली होती. आधी धाकटीकडे गेला, तिची अर्धी खोली पाहिली. तिकडचं हसणं भिंतीतून थोरलीला ऐकू येत होतं आणि ती कढईत झारा आपटत होती. मग तो एकटाच तिच्याकडे आला.

"वहिनी, तुमची बाजू दाखवा."

"चल. आणि खाली गेल्यावर त्या बाईला नीट सांग, कुणाच्या घरात राहिलास ते."

जिन्याच्या मधल्या पायरीवर तो थांबला. दम लागला असेल, असं तिला वाटलं.

"तुम्ही इथेच बसायचात," तो म्हणाला.

थोरली कठड्याची धूळ पुसू लागली.

"दाराच्या फटीतून मला तुमच्या पायाचा अंगठा दिसायचा. म्हणून तर मी एवढ्या मोठ्यानं शिकवायचो. धाकट्या वहिनींना वाटायचं, मला कमी ऐकू येतं."

थोरलीचा हात थांबला. म्हणजे ती सगळी गणितं तिच्यासाठीही होती. तीही कुणाच्या तरी हिशेबात होती. तिला इतका आनंद झाला की पाटीबिटी गेली खड्ड्यात, असं क्षणभर वाटलं. आणि मग त्या आनंदाच्या पोटातूनच प्रश्न वर आला.

"दिसत होते, तर आत का नाही बोलावलंस?"

तो खोटं बोलू शकला असता. एवढ्या मोठ्या माणसाला ते काय जड होतं? पण त्याला वाटलं, इतक्या वर्षांनी खरं बोलायला हरकत नाही.

"एकदोनदा मनात आलं होतं," तो म्हणाला. "मग वाटलं, तुम्हीही अभ्यासाला बसलात तर जेवणाचं काय?"

आणि तो हसला, तीही हसेल अशा बेतानं. ती हसली नाही. धाकटीवर इतकी वर्षं जळण्यात तिनं जन्म घालवला होता. धाकटीचा हेवा तिला आत्ताही वाटत होता, पण राग धरायला माणूस चुकला होता.

"चल खाली," ती म्हणाली. "खोली बघायची गरज नाही. पलंग केव्हाच मोडीत दिला."

खाली सगळे दोन्ही दारांच्या मध्ये उभे होते. इतिहास विभागातली बाई पुढे आली. "मग सर, काय ठरलं? पाटी कुठे?"

तो तोंड उघडायच्या आत थोरली म्हणाली, "आहे तिथेच राहू द्या. अभ्यास तिकडेच झाला."

धाकटीला आपल्या कानांवर विश्वास बसेना. ती थोरलीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "जाऊबाई, बरं नाही का वाटत? मी येऊ पानं वाढायला?"

"कसली पानं?" थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी आज स्वयंपाक केलेला नाही."

तिच्या दारातून फोडणीचा वास थेट गल्लीत येत होता. बगळ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. थोरलीनं आत जाऊन कडी लावली, स्वतःचं एकटीचं ताट वाढून घेतलं आणि गरम गरम जेवायला बसली.