मावशीला बाहेर बसवायला हवं होतं

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या भाऊंनी पंचवीस वर्षं भिवंडी कोर्टात फौजदारी वकिली केली आणि मला एक गोष्ट घोकून घोकून शिकवली. आरोपीला पहिल्यांदा भेटायचं ते एकट्याला, दार लावून. आई, बायको, मेव्हणा, सगळे बाहेर. हे मी माझ्या ज्युनिअरांना मोठ्या ऐटीत सांगत आले. राघोच्या वेळी मात्र माती खाल्ली.

राघो माझ्याच गावचा, दिघाशीचा. दापोड्याच्या एका गोदामाची चावी त्याच्याकडे असायची. एका रविवारी दुपारी कुलूप न तुटता मोबाइलचे खोके गेले आणि पोलिसांनी त्यालाच उचललं. आठवड्याभरात जामीन झाला आणि दोन दिवसांत तो माझ्याकडे आला, आईला, जानकीमावशीला घेऊन. तिच्या अंगाखांद्यावर मी वाढले. तिला ‘बाहेर बस’ म्हणायला माझी जीभ रेटेना.

“त्या दुपारी कुठे होतास?” मी विचारलं.

राघोने आईकडे पाहिलं.

“घरी,” मावशीच म्हणाली. “माज्या हातची भाकर खाल्लीन न् झोपला.”

राघोने मान हलवली. मी लिहून घेतलं आणि सगळा बचाव त्या भाकरीवर उभा केला.

आज, दोन वर्षांनी, मावशी साक्षीला उभी राहिली. सरकारी वकील केदारने आवाजही चढवला नाही.

“आजी, नातू केवढा झाला?”

मावशी खुलली. “दोन वर्सांचा.”

“तो झाला तेव्हा लेकीजवळ कोण होतं?”

“मीच व्हते! सकालपासून सांजपावतर दवाखान्यात उभी.”

केदारने जन्मदाखला पुढे ठेवला. तोच रविवार. त्या पोराच्या बारशाला मी स्वतः पेढे खाल्ले होते, पण तारीख ताडून पाहायचं सुचलं नाही.

व्हरांड्यात मी राघोची कॉलर धरायचीच बाकी ठेवली. “खरं सांग, कुठे होतास?”

“वज्रेश्वरीला. मंदाकडं.”

मंदा विधवा. तिचं नाव घरात काढायचं नाही अशी मावशीची ताकीद होती.

“तिच्या समोरच्या मेडिकलला कॅमेरा हाय,” तो पुटपुटला. “जाताना-येताना दिसलो असतो.”

तसलं चित्रण जेमतेम महिनाभर राहतं. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर मी त्याच संध्याकाळी तिथे गेले असते. आता मंदाला उभं केलं तरी आमच्यावर विश्वास कोण ठेवणार?

मला रडू फुटलं. परक्या अशिलाने बनवलं असतं तर इतकं लागलं नसतं. “तुम्ही दोघांनी मला फसवलंत,” मी ओरडले. “मी तुम्हाला घरचं समजत होते, मावशी!”

मावशीने पदराने डोळे पुसले.

“मला ठाव व्हता, तो तिच्याकडं असंल. तिचा नाव कागदावर नको म्हनून बोलले मी. पन माज्यासमोर तो कसा सांगनार व्हता, बाय? तू वकील ना? मग मला भायेर का न्हाय बसवलंस?”