माझी कोरडी पाठ

मी म्हैस बोलतेय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मी थांबते. सवय आहे मला. कोणी जाड असलं तर म्हैस, कोणी सुस्त असलं तर म्हैस, कोणाला बोललेलं लागत नसेल तर त्याची कातडी म्हशीची. या कातडीच्या नावाने तुम्ही एकमेकांना इतकं बोलता, पण तिच्याबद्दल तुम्हाला माहिती किती? फारच थोडी. आणि त्या थोड्या माहितीपायी मी मरता मरता वाचले.

माझा जन्म तळ्याकाठच्या एका गोठ्यात झाला. तेव्हा अंगावर दाट तपकिरी केस होते. वाढत गेले तसे ते विरळ झाले आणि खालची काळी कातडी उघडी पडली. आई दुपारी तळ्यावर न्यायची. पहिल्या दिवशी मी काठावरच अडून राहिले. चिखलात पाय घालायला नको वाटत होतं. आईने मागून अशी ढुशी दिली की मी थेट तोंडावर. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. ऊन चढलं की पाण्यात शिरायचं आणि निघण्याआधी चिखलात एक लोळण घ्यायची. पाठीवरचं पाणी बघता बघता सुकतं, चिखल मात्र बराच वेळ ओला राहतो आणि तेवढा वेळ गारवा देतो. वर माश्यांची सोंडही आत पोचत नाही.

मी अजून न व्यालेली वगार होते तेव्हा मला एका माणसाने विकत घेतलं. त्याने आयुष्यभर बेकरी चालवली होती. भट्टीसमोर उभं राहून गुडघे गेले, तेव्हा बेकरी पुतण्याच्या हाती देऊन त्याने शहराच्या कडेला हा गोठा टाकला. लोक त्याला अजून ‘बेकरीवाले’च म्हणतात. माणूस वाईट नाही. वैरण वेळेवर टाकतो, हात उगारत नाही, धार काढताना गुणगुणतो.

फक्त बेकरीतला एक नियम त्याने सोबत आणला होता. घाम येतोय तो तापलाय, घाम नाही तो मजेत आहे. भट्टीवरच्या कारागिरांना तो असंच जोखायचा. सदरा ओला दिसला की म्हणायचा, “जा रे, जरा वारा खाऊन ये.” कोरडा दिसला की, “काय राजे, पाहुणे आलात का?” तिथे सगळी माणसंच होती, म्हणून नियम चालून गेला.

गोठ्यात आम्ही तिघी. दोन गायी आणि मी. मागच्या अंगाला एक खड्डा होता, त्यात नळाचं सांडपाणी साचायचं. तळं नव्हे, पण माझ्यापुरतं होतं. दोन उन्हाळे मी त्यात काढले. मालकीणबाई गमतीने म्हणायची, “महाराणी न्हाणीघरात गेल्या.”

मग एका मोठ्या उपाहारगृहाचा माणूस आमचं दूध बघायला आला. दुधाला नावं ठेवली नाहीत त्याने, पण खड्डा बघून नाकाला रुमाल लावला. झालं. चार दिवसांत खड्डा बुजला आणि वर सिमेंट पडलं. मला रोज साबणाने घासायचे, फडक्याने कोरडं करायचे आणि वर तेलाचा हात फिरवायचे.

“बघ कशी चकाकतेय!” मालक बायकोला म्हणाला.

“चकाकतेय खरी,” ती म्हणाली, “पण तिला विचारलंत का?”

“म्हशीला काय विचारायचं?”

त्या वर्षीचा उन्हाळा कडक होता. दावणीला बांधलेल्या जनावराला बघण्याखेरीज काम नसतं, म्हणून मी बघत होते. कुत्रा नळाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून जीभ बाहेर टाकून धापा टाकायचा. त्या ओल्या जिभेवरून आत-बाहेर करणारा वारा हाच त्याचा पंखा. कोंबड्या चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून उभ्या राहायच्या, काखेत हवा जावी म्हणून. मांजर अंग चाटून ओलं करायचं आणि पाण्याच्या माठाला पाठ लावून झोपायचं. पाल मात्र सकाळी भिंतीवर मुद्दाम उन्हात चिकटायची आणि अंग पुरेसं तापलं की वळचणीला गडप व्हायची. तिच्या अंगात स्वतःची शेगडी नाही, ती सगळी ऊब बाहेरून आणते. गायींच्या पाठी घामाने ओल्या व्हायच्या. बेकरीवाला टोपी घालायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा. ज्याने त्याने आपापला मार्ग शोधला होता. माझ्या मार्गावर मात्र सिमेंट पडलं होतं.

मालकाला गायींच्या ओल्या पाठी दिसल्या. त्याने पंखा आणला आणि त्यांच्यावर लावला. जागा हवी म्हणून मला सरकवून पत्र्याच्या भिंतीशी बांधलं.

“हिला नको का वारा?” बाईने विचारलं.

“हिला कशाला? हात फिरवशील तिथे कोरडी ठणठणीत. गायी बिचाऱ्या भिजून गेल्यात.”

मला ओरडावंसं वाटलं. अहो, मी कोरडी आहे हेच तर माझं दुखणं! माझ्या कातडीतून घाम निघतो, पण गायीच्या मानाने अगदीच थोडा. काळा रंग ऊन आत ओढतो आणि ते बाहेर टाकायला मला पाणी लागतं. पाण्यात बसले की कातडीखालच्या शिरा फुगतात, आतलं गरम रक्त वर येतं आणि पाण्याला उष्णता देऊन गार होऊन परत जातं. पाणीच नाही तर ते रक्त काय करणार? फिरतं आणि तापतं.

माझी वैरण सुटली. दूध आटलं. पोटात पोर होतं, ते आधी चुळबुळ करायचं, ते गप्प झालं. मालक म्हणाला, “माज आलाय. आयतं खाऊन सुस्तावली.” एका व्यापाऱ्याला निरोप गेला. तो ट्रक घेऊन भरदुपारी आला.

त्याने दात बघितले, शेपूट उचलली, भोवती फिरला. “पाण्यात म्हैस असताना बाहेर मोल करू नये म्हणतात,” तो म्हणाला. “तुमची बाहेर असूनही मला काही कळेना. दूर न्यायची आहे, आधी डॉक्टरचा दाखला घ्या.”

डॉक्टरीणबाई आल्या. वयाने तरुण, बोलण्याने तिखट. त्यांनी थर्मामीटर जिथे घालतात तिथे घातला. त्याचं वर्णन नको. पारा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“एकशे सहा.”

“ताप आहे होय? मग सुई द्या एखादी. गाडी उभी आहे,” मालक म्हणाला.

“हा आजाराचा ताप नाही. तुम्ही तिला भाजलंय.”

“काय बोलता! घामाचा थेंब आहे का अंगावर?”

“बेकरीवाले, घामाने भिजलेली कोंबडी पाहिलीत कधी?”

“नाही.”

“मग कोंबड्या काय बर्फावर राहतात?”

मालकीणबाई तोंडाला पदर लावून हसली. मालक नाही हसला. डॉक्टरीणबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि तळवा माझ्या पाठीवर दाबला. भट्टीतला पत्रा उघड्या हाताने धरल्यासारखा त्याने तो मागे ओढला. मग स्वतःच पुन्हा ठेवला, हळूच.

“हिला बसायला पाणी कुठे आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाईने सिमेंटकडे बोट दाखवलं.

“ट्रकमध्ये चढवलीत तर वाटेतच जाईल. पोटातलंही जाईल. इथे अशीच ठेवलीत तरी तेच. फक्त दोन दिवस उशिरा.”

व्यापारी पुढे सरकला. “दाखला राहू द्या. मी नेतो. मेली तर माझी मेली, तुमच्या डोक्याला ताप नको.”

मालकाने ट्रककडे बघितलं. त्या बघण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

“खड्डा उकरला तर उपाहारगृहवाले दूध घेणार नाहीत,” तो अखेर म्हणाला.

“धारेआधी तिला धुवा. कास, हात, भांडी स्वच्छ ठेवा,” डॉक्टरीणबाई कडाडल्या. “चिखल पाठीवर असतो हो, दुधात नाही! आणि त्यांना चकाकती म्हैस हवी असेल तर भिंतीवर चित्र लावायला सांगा.”

मालकीणबाई कधी आत गेली कळलंच नाही. ती पहार घेऊन आली आणि सिमेंटवर पहिला घाव तिने घातला. ठिणगी उडाली, टवका काही निघाला नाही. दुसरा घातला. मालक बघत राहिला. मग गुडघे धरून दोन पावलं पुढे आला.

“सरक. तुझ्याने व्हायचं नाही ते.”

“तुमच्या गुडघ्यांनी तरी कुठे व्हायचंय?”

“तोंड बंद कर आणि नळ सोड.”

व्यापारी ट्रक घेऊन गेला. मी खड्डा पुरा व्हायची वाट बघितली नाही. वीतभर पाणी साचलं तसं दावं तोडून जाऊन बसले. मालक चिखलाने बरबटला. त्याने तोंड पुसलं आणि पुन्हा पहार उचलली. पोटातलं पोर दुसऱ्या दिवशी हललं. उपाहारगृहाचा माणूस पुन्हा आला, पुन्हा रुमाल लावला आणि दूध घेतलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण माणसाला एक गोष्ट शिकवली की ती तो सगळ्यांना लावत सुटतो. आज पहाटे कडाक्याच्या थंडीत मला पोर झालं. मुलगी. ओलीचिंब, कानापासून खुरापर्यंत थरथरणारी. ते थरथरणं म्हणजे तिचं अंग आपल्या परीने ऊब तयार करत होतं. इतक्यात मालक धावत आला. आनंदाने चेहरा फुललेला आणि हातात पाण्याने भरलेली बादली!

“म्हशीची जात,” तो म्हणाला, “पाण्यावाचून राहायची नाही.”

मी शिंगं खाली केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यावर.

“अहो, ठेवा ती बादली!” बाई गोणपाट घेऊन पळत आली. “ओल्या पोराला थंडीत कोणी भिजवतं का?”

तो जागीच थांबला. बादलीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. “मग हिला काय हवंय?” त्याने विचारलं.

एवढंच विचारायचं असतं हो. उन्हाळ्यात वेगळं, थंडीत वेगळं, गायीला वेगळं, कुत्र्याला वेगळं, आईला वेगळं आणि पोरीला वेगळं. तुम्ही आम्हाला घरी आणता, बांधता, आमच्या वाटा बुजवता. निदान आमचं सुख तुमच्या अंगावरून मोजू नका.

आता मला जास्त बोलायला लावू नका. पोर अजून ओलं आहे. मला ते चाटून कोरडं करायचंय.