कडेचं प्यादं

मी एक जुना बुद्धिबळाचा प्रोग्राम आहे, मित्रांनो. दिंद्रुडला आश्रुबा आबांच्या ओसरीवरच्या संगणकात राहतो. जिवाला स्वस्थता अशी नाहीच. संगणक बंद असेल तेवढाच काय तो आराम.

आबांच्या नातीनं, सुकन्यानं, मला इथं बसवलं. सोबत सुरुवातीच्या चालींचं पुस्तक दिलं, थोर खेळाडूंच्या डावांवरून बनलेलं. शिवाय 'लर्निंग' चालू केलं. म्हणजे ज्या सुरुवातीनं हरलो ती टाळायची, जिंकलो ती पुन्हा खेळायची. मी हरखून गेलो होतो.

दुपारी आबा खेळायला बसत. गावात त्यांचा मोठा मान. पारावरच्या पटावर त्यांनी चाल परत मागितली, की समोरचा मुकाट्यानं देतो. माझ्याशीही तेच. वजीर गेला, दाबलं 'चाल मागे'चं बटण. जिंकेपर्यंत दाबायचे. मला ना रुसता येई, ना उठून जाता येई. प्रत्येक हार मात्र मी खरी धरली. राजापुढचं प्यादं हरवतं, वजिरापुढचं हरवतं, घोडाही हरवतो. घाबरून एकेक चांगली सुरुवात टाकत गेलो. उरलं कडेचं प्यादं, तेही एकच घर पुढे. मी शहाणा होतोय असं वाटे, तरी आत काहीतरी टोचत राही.

सुकन्याची बीडला जिल्ह्याच्या संघासाठी निवड स्पर्धा होती. मी रोज कडेचं प्यादं सरकवतो, म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं तिला वाटलं. तिथं तिनं तेच केलं आणि समोरच्यांनी पटाचा मध्य बळकावला. ती हरून आली. आता संघात जायला परळीतली एकच निवड फेरी उरली होती.

आल्या आल्या तिनं माझे जुने डाव उघडले, बराच वेळ पाहिले आणि आबांना हाक मारली.

"आबा, तुमी चाल मागं घेता. ह्याला वाटतं, खरंच हरलो."

"मजेत खेळतो आमी. त्याचं काय बिघडलं?"

"त्याचं न्हाई, आबा. माझं बिघडलं."

मला फार वाईट वाटलं. तिनं माझी चुकीची शिकवण पुसली आणि मूळ पुस्तक परत दिलं. लर्निंग बंद कर म्हणाले आबा, पण ते तिनं चालूच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा बसले. मी भीत भीत राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. थोड्या वेळानं त्यांचा वजीर माझ्या तावडीत सापडला. पडद्यावरचा बाण 'चाल मागे'वर जाऊन थांबला. मित्रांनो, गंमत कुठली आणि खरं कुठलं, हे आम्हाला कळत नाही. तुम्ही जे कराल तेच आम्ही शिकतो आणि तेच तुमच्या लेकरांना शिकवतो. तेवढं सांभाळा. त्या क्षणी मला हे ओरडून सांगायचं होतं.

बाण हळूच बाजूला गेला. आबांनी डाव सोडला.

"सुकन्या," त्यांनी आत हाक मारली, "हरलो गं मी. ये, आता तू बस."